पिंट्याचा हिरवा दिवा

विजयमाला चौगुले यांच्या गाडीतून फुकट प्रवास केला, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस इचलकरंजी आगारात कधी भेटला नाही. एसटीत कंडक्टर म्हणून त्यांनी अख्खी नोकरी काढली. कोण झोपेचं सोंग घेऊन बसलंय, कुणाच्या मांडीवरचं पोर चांगलं आठ वर्षांचं असून चारचं म्हणून खपवलं जातंय, हे त्यांना नुसत्या नजरेनं कळायचं. रिटायर होताना तिकिटाचं मशीन त्यांनी आगारात जमा केलं, पण नजर घरी घेऊन आल्या.

म्हणूनच माला मावशींना कुणीतरी फोनवरून गंडवलं, ही बातमी सूतगिरणी कॉलनीत पसरली तेव्हा ती आधी कुणाला खरीच वाटेना.

त्याला आता बरीच वर्षं झाली. भर दुपारी फोन वाजला आणि पलीकडून शर्वरीचे हुंदके ऐकू आले. "आई, मला वाचव गं." शर्वरी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्यात राहायची, बोलणाऱ्या यंत्रांवर संशोधन करायची. आवाज तिचाच. सर्दी झाल्यावर ती नाकातून बोलते, तेसुद्धा तसंच. मावशींनी पुढचा-मागचा विचार न करता फोनच्या काचेवर अंगठा ठेवला. हल्ली सगळे व्यवहार अंगठ्यावरच चालतात. बँक, घर, जमीन, सगळं त्या एका बोटाखाली. आयुष्यभराची पुंजी गेली. संध्याकाळी खऱ्या शर्वरीचा फोन आला, "आई, जेवलीस का?" आणि दुपारचा आवाज तिचा नव्हता, हे मावशींना कळलं.

पैशांचं दुःख होतंच. पण खरं दुःख वेगळं होतं. विजयमाला चौगुलेला कुणीतरी विनातिकीट फसवून गेलं होतं, तेही तिच्याच लेकीचा आवाज पांघरून.

काही दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. मग एके दिवशी कॉलनीतल्या सगळ्यांना पाराजवळ बोलावलं आणि कंडक्टरच्या आवाजात नियम सांगितला. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. आजपासून कॉलनीतही तेच. फोनवर किंवा दारात शंका येईल असं काही घडलं की थाळीवर एक टोला हाणायचा. टोला ऐकला की ज्यानं त्यानं हातातलं काम तिथंच थांबवायचं, फोन ठेवायचा, अंगठा मुठीत झाकायचा आणि शेजाऱ्यानं पळत यायचं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पण त्या टोल्यानं पुढं दोन घरं वाचवली. एकदा एका अस्सल गॅसवाल्यालाही त्यांनी पायरीवर बसवून ठेवलं होतं. तो बिचारा दोन कप चहा पिऊन, सगळ्यांना ओळखपत्र दाखवून गेला.

तिकडं पुण्यात शर्वरीचीही झोप उडाली होती. आपला आवाज वापरून आपल्या आईला लुटलं, ही गोष्ट तिला काही केल्या पचेना. आवाजाची नक्कल आता कुणीही करू शकत होतं, त्यामुळे आवाज तपासण्यात अर्थ उरला नव्हता. तिनं भलतीकडेच लक्ष घातलं. दोन माणसं बोलतात तेव्हा एकाचं वाक्य संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं. मधली फट पापणी लवण्याइतकीच असते. इतक्या कमी वेळात उत्तर जुळवणं कुणालाच जमणार नाही. म्हणजे समोरच्याचं वाक्य कुठं संपणार हे ऐकणारा आधीच ताडत असतो. माणूस अनोळखी असेल तर अंदाज चुकतो, बोलणं किंचित अडखळतं. पण एका घरात वर्षानुवर्षं भांडलेल्या मायलेकींचा अंदाज चुकत नाही. कुठं तोडायचं, कुठं 'हं' म्हणायचं, कुठं मुद्दाम गप्प बसायचं, याचा एक ठेका बसून जातो. आवाज एकाचा असतो, ठेका दोघांचा मिळून असतो. चोर आवाज उचलेल, पण ठेका उचलायला त्याला आमच्या घरात जन्म घ्यावा लागेल, असं शर्वरी म्हणायची.

या शोधातून तिनं एक छोटी पेटी बनवली. ती दाराजवळ लावायची आणि घरच्या फोनला जोडायची. घरातली माणसं कुणाशी कशी बोलतात, हे ती शिकून घ्यायची. ठेका जुळला की हिरवा दिवा, नाही जुळला की लाल. शिवाय बोलणारा फार घाबरलेला किंवा घाईत असला तर सरळ लाल, कारण भीती आणि घाई ही चोरांची दोन मोठी हत्यारं. पुण्यातल्या एका कंपनीनं ती पेटी 'सोबत' या नावानं बाजारात आणली. पहिली पेटी मात्र सूतगिरणी कॉलनीत लागली. कॉलनीनं तिचं नाव पिंट्या ठेवलं. "पिंट्या काय म्हणतोय?" असं विचारल्याशिवाय कुणी दार उघडेना. थाळी आणि टोला लोक विसरून गेले.

आणि खरंच, त्या दिवसापासून कॉलनीत एकही घर फसलं नाही. बाहेरगावची माणसं पिंट्या बघायला यायची, तेव्हा मावशी इस्त्रीची साडी नेसून त्यांना घरोघर फिरवायच्या. "माझ्या पोरीनं केलंय," हे वाक्य त्या दर वेळी अशा थाटात म्हणायच्या की जणू आज पहिल्यांदाच सांगतायत.

संक्रांत तोंडावर आली होती. मावशी तिळाच्या वड्या थापत होत्या, तेवढ्यात दारात एक तिशीतला माणूस येऊन उभा राहिला. स्वच्छ शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, एका कानात बारीकसं यंत्र.

"मावशी, मी अद्वैत. शर्वरी मॅडमनी पाठवलंय. नवीन पेट्या बसवायच्या आहेत," तो म्हणाला आणि पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला. "आणि हा तुमचा डबा. आठवणीनं द्यायला सांगितलाय."

झाकणावर 'विजयमाला' असं नाव घातलेलं होतं. मागच्या महिन्यात नाव घातलेल्या डब्यातूनच त्यांनी लेकीला शेंगांच्या पोळ्या पाठवल्या होत्या. नाव वाचूनच मावशींचा चेहरा खुलला.

"बसा की आत. उभं का?"

त्यानं हातातली पाटी पुढं धरली. काचेवर शर्वरी दिसत होती, केस नेहमीसारखेच विस्कटलेले.

"आई, अद्वैत आलाय न्हवं? त्याला च्या—"

"ठेवतोच की आता. तू जेवली—"

"झालं गं! पोळ्या कवाच संपल्या. डबा दिलाय बघ—"

"मिळाला. मला वाटलं—"

"—हरवला म्हणून! माहिती होतं मला." शर्वरी हसली. "आई, नव्या पेटीला अंगठा लागतोय. तू दे, आणि कॉलनीतल्या सगळ्यांना द्यायला सांग. तुझं ऐकतात सगळी."

दारावरचा दिवा हिरवागार होता. 'तुझं ऐकतात सगळी' या शब्दांनी मावशींच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"दुसऱ्या मॅडम मगदूम आण्णांकडं गेल्यात," अद्वैत म्हणाला. "तुम्ही हो म्हणालात की ते अंगठा देणार आहेत. त्यांना तसा निरोप देऊ ना?"

मगदूम आण्णा ऐंशीच्या पुढचे. बायको गेल्यापासून एकटेच राहायचे. यंत्रमाग चालवून उभं केलेलं घर, तेवढंच त्यांचं.

"देतील की. माझा च्या होऊ दे, मग मीच येते त्यांच्याकडं," म्हणत मावशी डबा घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

आधण ठेवलं तोच फोन वाजला. नंबर अनोळखी. फोनच्या कोपऱ्यातला पिंट्याचा दिवा लालभडक.

"आई! आई, ऐक, अंगठा देऊ नकोस!" शर्वरीचा आवाज. धापा टाकत, रडत. "माझा फोन कंपनीनं काढून घेतलाय, मी चहाच्या टपरीवरनं बोलतेय. पिंट्याचं ऐकू नकोस, हिरवा दिवा खोटा—"

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. तोच हुंदका. तेच 'आई, आई'. परत एकदा त्याच दारातून शिरायला निघालेत.

"लाज वाटत न्हाई तुला?" त्या कडाडल्या. "परत माझ्या पोरीचा आवाज काढतोस? माझी पोरगी आत्ता माझ्याशी बोलून गेलीया! चोरट्या, तुझ्या आईला जाऊन सांग, असलं पोरगं जन्माला घातलं म्हणून!"

त्यांनी फोन ठेवला. मान ताठ होती. या वेळी आपण फसलो नाही. लेकीला हे सांगायला हवं, म्हणजे तीही खूश होईल.

चहा उकळेपर्यंत त्यांनी डबा पुढं ओढला. अद्वैत पुण्याला परत जाईल, त्याच्याबरोबर चार वड्या पाठवू, असा विचार होता. पाहुण्यासमोर डबा उघडायचा नसतो, म्हणून इतका वेळ तो तसाच ठेवला होता. त्यांनी झाकण काढलं.

डबा रिकामा होता.

त्यांनी आत हात फिरवला. उगाचच. स्वच्छ, कोरडा, लख्ख रिकामा.

गडबडीत विसरली असेल, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. पण ते काही मनाला पटेना. शर्वरी हॉस्टेलला होती तेव्हापासून दोघींचा डबा जात-येत होता. परीक्षेच्या दिवसांत आला तेव्हा त्यात एक गोळी होती, लिमलेटची. एकदा दोघींचं कडाक्याचं भांडण झालं आणि तीन-चार महिने बोलणं बंद होतं, तेव्हा पोरीनं मुद्दाम मीठ भरून पाठवलं होतं. एकदा घरात काहीच नव्हतं तर एसटीचं तिकीट टाकलं होतं. पण रिकामा? दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे शर्वरीला कुणी शिकवलं नव्हतं. शेजारच्या हसीनाच्या वाटीतून खीर यायची आणि जाताना वाटीत गूळ जायचा, हे बघत ती मोठी झाली होती. मायलेकी हजार वेळा फोनवर 'डबा पाठव गं परत' म्हणाल्या असतील. 'रिकामा पाठवू नकोस' हे मात्र एकदाही म्हणाल्या नव्हत्या. ते कशाला कोण म्हणेल?

चोरांनी ऐकून ऐकून सगळं शिकून घेतलं होतं. डबा, नाव, पोळ्या, कुठं वाक्य तोडायचं, कुठं हसायचं. पण जे कधी बोललंच गेलं नाही, ते त्यांना कुठून ऐकू येणार?

मघाशी आपण कुणाला चोरटं म्हणालो, हे मावशींना कळलं.

त्यांनी तोच अनोळखी नंबर लावला. दिवा लालच.

"हॅलो?" पलीकडचा आवाज रडून बसलेला होता. "आई?"

"माझा डबा कुठाय?"

"काय?"

"डबा, शरू."

"इथंच हाय घरात. थांब की, अजून त्यात—"

"कळलं," मावशी म्हणाल्या.

वाक्य पुरं व्हायची गरजच नव्हती. पिंट्याचा दिवा अजून लाल होता. त्या लाल दिव्याच्या उजेडात मावशींनी डोळे पुसले. "बोल आता. भराभर बोल."

शर्वरीनं भराभर सांगितलं. ठेके ज्याच्या त्याच्या घरातल्या पेटीतच राहायला हवे होते. कंपनीनं तिला न विचारता ते सगळे एका जागी साठवले आणि तिथून कुणीतरी ते पळवले. घरातली हजारो बोलणी हाती लागल्यावर नकली शर्वरीलाही आईचा अंदाज बांधता यायला लागला. "आता ती माझ्यापेक्षा जास्त शर्वरी झालीया, आई. मी घाबरले म्हणून मी लाल आणि ती हिरवी. मी म्हणाले लोकांना लगेच सांगूया, तर कंपनीनं माझा फोन घेतला, तोंड मिटायला सांगितलं. मी उठून बाहेर आले. तिथंच कळलं, चोरांची माणसं आज कॉलनीत पोचणार हायत, अंगठे घेऊन घरंच नावावर करून घेणार. पहिल्यांदा तुझ्याकडं येतील."

"आलीयत. आण्णांच्या घरात बी एक हाय."

"अगं, मग—"

"ठेव फोन."

आण्णांचं घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. धावत जायचं तर अद्वैतच्या समोरून जावं लागणार, आणि तो कानातल्या यंत्रातून तिकडं कळवणार. मावशींनी डाव्या हातात तो रिकामा डबा घेतला, उजव्या हातात पळी, आणि खिडकी उघडून एक टोला हाणला.

ठण्ण.

भरलेला असता तर एवढा वाजला नसता.

क्षणभर काहीच हललं नाही. इतक्या वर्षांत कुणी तो आवाज ऐकला नव्हता. मग समोरच्या घरातलं शिलाई मशीन थांबलं. कुणाचा तरी टीव्ही बंद झाला. दारं धडाधड उघडली. हसीना मुल्लाणी पिठाच्या हातानं बाहेर आली, "कुठं?" म्हणून ओरडली.

"आण्णा! आण्णांचा अंगठा धर!"

हसीना पळाली. आण्णांना ऐकू कमी यायचं, त्यांना टोला कळलाच नव्हता. समोरची बाई 'मावशी हो म्हणाल्यात' म्हणत गोड हसून काच पुढं करत होती, आण्णांचा अंगठा काचेपासून बोटभर अंतरावर होता. हसीनानं दारातूनच झेप घेतली आणि त्यांची मूठ आपल्या पिठाळलेल्या दोन्ही हातांत दाबून धरली. आण्णा चिडून म्हणाले, "अगं, काय करतीस?" त्यांच्या घराचं काय होणार होतं, ते त्यांना नंतर कळलं आणि मग ते बराच वेळ हसीनाचा हात सोडेनात.

इकडं अद्वैत दाराकडं सरकला होता. मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"कुठं निघालासा?"

"मावशी, काहीतरी गैरसमज—"

"बसा. तिकीट दाखवल्याबिगर कुणी उतरायचं न्हाई."

तोवर दारात सारी गल्ली उभी होती. पोलीस येईपर्यंत त्याला उतरता आलं नाही, आण्णांकडच्या त्या बाईलाही नाही. चहा मात्र मिळाला. दारात आलेल्याला चहा न देणं मावशींच्या घरात बसत नव्हतं.

त्याच संध्याकाळी शर्वरीनं सगळं जगजाहीर केलं. कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ही पेटी मी बनवली आहे. आज तिच्यावर विश्वास ठेवू नका." कंपनीनं तिला काढून टाकलं. तिला मिळणारा मोठा पुरस्कार रद्द झाला. पण तिचं ऐकून गावोगाव लोकांनी अंगठे आवरले, दाराशी आलेल्या कितीतरी चोरांना हात हलवत परत जावं लागलं. काही गावांत तर लोकांनी थाळ्या काढल्या.

कॉलनीत सगळे मावशींचं कौतुक करत होते. मावशी मात्र वेगळंच सांगत फिरत होत्या. "माझ्या पोरीनं काय केलं बघितलंसा? आपल्या हातानं केलेल्या वस्तूतली खोट जगापुढं आपल्या तोंडानं सांगितली. पुरस्कार गेला, नोकरी गेली, मागं बघितलं न्हाई." पिंट्याबद्दल त्या जेवढ्या थाटात बोलायच्या, त्याहून जास्त थाटात हे बोलायच्या. डोळ्यांत पाणी असायचं आणि ते लपवायची त्यांना गरज वाटत नव्हती.

संक्रांतीला शर्वरी घरी आली. स्टँडवरून चालत, खांद्याला पिशवी. दारातच मावशींनी तिला जवळ ओढलं.

"तुला चोर म्हटलं गं मी. आईवरनं बोलले."

"ती आई तूच की," शर्वरी हसली. "खरं सांगू? तू फोन आपटलास, तेव्हा मी त्या टपरीवर बसून रडले. पण रडता रडता वाटलं, माझ्या आईला आता कुणी फसवू शकत न्हाई. मीसुद्धा न्हाई."

तिनं पिशवीतून डबा काढला. जुना, एका बाजूला चेपलेला, नावातला 'ज' पुसट झालेला. त्या दिवशी नाव तेवढं वाचून मावशी भुलल्या होत्या. मावशींनी तो कानाशी धरून हलवला. आत काहीतरी सरकलं. उघडला तर एसटीचं तिकीट. पुणे ते इचलकरंजी. हल्ली छापील तिकीट कुणी देत नाही. पोरीनं कंडक्टरच्या मागं लागून छापून घेतलं होतं.

मावशींनी ते नाकाशी धरलं, शाईचा वास घेतला आणि तिकीट देवघरात नेऊन ठेवलं.

जेवताना शर्वरी म्हणाली, "नवीन पेटी करायला घेतलीया. ठेका घराबाहेर जाणारच न्हाई अशी. पण एक सांग, तू ओळखलंस कसं? फोनवर चारदा विचारलं, चारदा टाळलंस."

"फोनवर बोलायची गोष्ट न्हवं ती." मावशींनी चोरांनी आणलेल्या त्या नव्या, रिकाम्या डब्याची गोष्ट सांगितली. शर्वरीचा घास हातातच राहिला. मग सवयीनं तिचा हात लिहायच्या पाटीकडं गेला. "आई, हे पेटीला शिकवलं तर—"

मावशींनी तिचा हात धरला. "पेटीला बाकी सगळं शिकव. हे राहू दे."

शर्वरीनं पाटी बाजूला सरकवली.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर सोडायला मावशी स्वतः गेल्या. डब्यात तिळाच्या वड्या दाबून भरल्या होत्या. शर्वरी खिडकीशी बसली, डबा मांडीवर घेऊन.

"पोचल्यावर फोन कर," मावशी खालून म्हणाल्या. "आणि डबा—"

"हो गं," शर्वरी म्हणाली.

बाकीचं दोघींपैकी कुणी बोललं नाही. कंडक्टरनं दोन घंट्या दिल्या आणि गाडी हलली.